पिवळं मांजराला, पांढरं मला

गेल्या वर्षी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आमच्या घरात एकाच जिवाचं वजन वाढलं, आणि तो जीव म्हणजे आमचं मांजर. मी रोज सहा अंडी उकडत होतो, सोमवार-गुरुवार सोडून. पांढरं मी खायचो, पिवळं त्याला घालायचो. मार्चअखेर फोंड्यात औषधांच्या दुकानाबाहेर ठेवलेल्या वजनकाट्यावर चढलो तर आकडा आला ४९. सुरुवातीला होता ४९.२. इकडे मांजराने कठड्यावरून उडी मारायचं सोडलं होतं, ते आता पायऱ्या उतरून खाली यायचं. आजी म्हणाली, "मांजर पळे कशें मातलां!" मी ताटात मान घालून भात कालवत बसलो.

घरी आम्ही कोकणी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठी येते. गोव्यात आमच्या फोंडा महालात बहुतेकांचं असंच आहे. त्यामुळे मधूनमधून आजी आणि आई त्यांच्याच भाषेत बोलतील, चालवून घ्या.

माझी उंची १७० सेंटिमीटर. या उंचीला ४९ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, १७. १८.५ च्या खाली गेलं की वजन कमी धरतात, म्हणजे मला काठावर यायलाच साडेत्रेपन्न किलो हवे होते. हा हिशेब मला पुढे कळला. तोवर मला एवढंच माहीत होतं की शर्ट लहान मापाचा घेतला तरी खांद्याची शिवण दंडावर येते, आणि मनगटी घड्याळाच्या पट्ट्याला मोची जास्तीचं भोक पाडून देतो. डिसेंबरात मावसभावाचं लग्न होतं, भाड्याने कोट आणला. मांडवात एक लांबची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "कितें रे, घरांत जेवण दिनात तुका?" आई बाजूलाच उभी होती. आत्याला वाटलं आपण मायेने विचारलं. आईला ते असं लागलं की घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी जिमला नाव घातलं, त्याचं खरं कारण हे. आरोग्य वगैरे नंतरचं.

एक काम मात्र मी शहाण्यासारखं केलं. आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन बघितलं, खोकला आहे का, ताप येतो का, अलीकडे वजन आपोआप उतरलंय का, हे विचारलं. जंताची गोळी दिली. सगळं ठीक निघालं. "तुम्ही कमी खाता," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी परत दिली. मला ते पटलं नाही. मी तर भरपूर खातो असं माझं लहानपणापासूनचं मत होतं. सगळ्याच किडकिडीत माणसांचं असतं.

आता अंड्यांकडे येऊ. आमच्या घरात मासे चालतात, नुसते चालत नाहीत तर त्यांच्यावाचून चालत नाही. पण कोंबडी आणि अंडं स्वयंपाकघरात येत नाही. बाहेरच्यांना हे सांगितलं की हसू येतं. बांगड्याचं हुमण देवघराच्या भिंतीपलीकडे रटरटत असतं, ते चालतं, आणि अंडं म्हटलं की विटाळ. आजोबांच्या वेळी कोंबडी शिजायची ती परसात तीन दगडांवर, आणि भांडी गोठ्यात ठेवलेली असायची. गोठा गेला, दगड गेले, नियम राहिला. त्यामुळे मी अंडी घरी उकडणार म्हटल्यावर आईने मला मागच्या पडवीत जागा दिली. एक जुनी एकबर्नर शेगडी, एक कान तुटलेला टोप, एक झारा. टोपाला तळाशी लाल रंगाची खूण केली, चुकून आत येऊ नये म्हणून. मांजराला हा नवा संसार फार आवडला.

पांढरं तेवढं खायचं हे मला जिममधल्या एका जुन्या गड्याने सांगितलं. पिवळ्यात चरबी असते, पोट सुटतं, हार्ट धरतं. त्याचं स्वतःचं वजन ८५ होतं आणि तो ते उतरवायच्या मागे होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याला वजन उतरवायचंय त्याचा उपाय मी वजन वाढवायला करत होतो.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी वहीत मांडून बघितलं. फार्मवरच्या एका मध्यम अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि ७० च्या आसपास कॅलरी असतात. त्यातलं पांढरं म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फक्त १७ कॅलरी, बाकी सगळं पाणी. पिवळ्यात उरलेली प्रथिनं, सगळी चरबी, अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन, आणि ५५ कॅलरी. सहा पांढऱ्यांच्या मिळून शंभर कॅलरी मला मिळत होत्या. एवढ्या दोन केळ्यांच्यासुद्धा नाहीत. सहा पिवळी, म्हणजे ३३० कॅलरी, पडवीत मांजराच्या बशीत जात होती. चार किलोच्या मांजराला दिवसभराला दोनशे-अडीचशे कॅलरी पुरतात. त्याला अंड्यांतूनच दिवसाचं जेवण मिळत होतं आणि वर दुपारचं माशाचं डोकं होतंच. शेजारचा बोका वाटा घ्यायला यायचा, नाहीतर आमचं मांजर दारातून आत मावलं नसतं.

त्याहून वाईट गोष्ट वहीच्या पुढच्या पानावर निघाली. मी संध्याकाळी साडेसातला, जिमहून आल्या आल्या ही पांढरी खायचो. प्रथिनांनी पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं, हा त्यांचा गुण आहे. तोच गुण मला नडला. नऊला जेवायला बसलो की तीन डाव भाताच्या जागी दीड डाव पुरायचा. उकड्या तांदळाचा तो दीड डाव भात, त्यावरची नारळाची कढी, हे सगळं मी शंभर कॅलरीच्या पांढऱ्यासाठी सोडत होतो. मी अंडी जास्तीची खात नव्हतो. जेवणाच्या बदल्यात खात होतो. वजन ०.२ ने उतरलं यात नवल नव्हतं, एवढ्यावरच थांबलं याचं नवल.

डॉक्टरांची चिठ्ठी मी परत काढून वाचली.

कच्च्या अंड्यांचंही सांगून टाकतो. पांढऱ्याने काही होत नाही म्हटल्यावर त्याच गड्याने दुधात तीन कच्ची अंडी फोडून प्यायला सांगितलं. एकाच दिवशी प्यायलो. चव म्हणजे कोमट शेंबूड, आणि ही उपमा मी बरीच सौम्य करून लिहितोय. दुसऱ्या दिवसापासून पोट बिघडलं, चार दिवसांत दीड किलो गेलं, ते परत यायला तीन आठवडे लागले. ते अंड्यानेच झालं की आणखी कशाने, देव जाणे, पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचा जंतू पोटात जाऊ शकतो हे खरं आहे. आणि मुळात फायदाच नाही. १९९८ साली बेल्जियममध्ये पाच जणांवर एक प्रयोग झाला होता. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं जवळजवळ ९१ टक्के पचली, कच्च्यातली ५१ टक्केच. माणसं पाचच होती, पण फरक थोडाथोडका नव्हता. शिवाय कच्च्या पांढऱ्यात अविडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. शिजवलं की त्याची पकड जाते. तर जे सिनेमात कच्ची अंडी ग्लासात ओततात त्यांना ओतू दे.

एप्रिलपासून मी अख्खी अंडी खायला लागलो. सहा नाही, चारच. दोन सकाळी, दोन संध्याकाळी पाचला कारखान्यातून सुटल्यावर, जिमच्या आधी. रात्रीच्या जेवणाला हात लावायचा नाही, ते पूर्वीसारखं पोटभर. नियम एवढाच: अंडं कशाच्या तरी जोडीला खायचं, कशाच्या जागी नाही.

सकाळच्या दोन अंड्यांना जोडी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोळीची. पोळी म्हणजे चपाती नव्हे, गव्हाच्या कोंड्यात घोळलेला तो पोकळ गोल पाव. आमच्याकडे पोदेर साडेसहाला सायकलवरून येतो, भोंगा दोनदा वाजवून पुढे जातो, थांबत नाही. उशिरा उठलात तर उरलेसुरले पाव. पोळी मधून चिरायची, अंडी कुस्करून मीठ-मिरी घालायची आणि वरून खोबरेल तेलाचं बोट. हे तेल माझं मीच शोधलं, आईला अजून पटलेलं नाही.

अंडी उकडण्यात मी आता तरबेज झालोय. उकळत्या पाण्यात झाऱ्याने हळूच सोडायची, दहा मिनिटं, मग गार पाण्यात. जास्त वेळ ठेवली की पिवळ्याभोवती हिरवट-करडी कड येते. ते अंडं खराब नसतं. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र आल्याने ती कड येते. नुसतं दिसायला वाईट. आणि ताजं अंडं सोलताना अर्धं पांढरं कवचाबरोबर जातं. आठवडाभर जुनं सुरेख सुटतं, कारण कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आतलं पापुद्र्याचं चिकटणं कमी होतं. म्हणून मी ट्रे आणला की पहिले चारपाच दिवस ऑम्लेट आणि मग उकडलेली. जुनं किती जुनं हे बघायला पाण्यात सोडायचं. तळाशी आडवं राहिलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर संपवायचं, तरंगलं तर फोडूनही बघायचं नाही.

गावठी अंड्यांवरून माझं आणि आजीचं महिनाभर वाजलं. आजीच्या मते दुकानातलं 'बॉयलर'चं अंडं म्हणजे औषधाचं पाणी, ताकद गावठीतच. एकतर ते बॉयलरचं नसतंच. ब्रॉयलर ही मांसासाठी वाढवलेली कोंबडी, अंडी देणाऱ्या वेगळ्या, त्यांना लेअर म्हणतात. पण सगळा गोवा बॉयलरच म्हणतो, मी एकटा काय सुधारणार. गावठी अंड्याचं पिवळं गडद केशरी असतं हे खरं. तो रंग कोंबडीने काय टिपलं त्याचा. हिरवा पाला, किडे, परसातलं काहीबाही. चवीला ते सरस, वाद नाही. पण गावठी अंडं आकाराने लहान, माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर चाळीस ग्रॅमच्याही खाली भरलं, दुकानातलं पन्नासच्या वर. प्रथिनं वजनाप्रमाणे येतात, गावाप्रमाणे नाही. आणि पैसे जवळजवळ दुप्पट. महिन्याला शंभरच्या आसपास अंडी खाणाऱ्याला हा फरक कळतो. मी दुकानातला तीसचा ट्रे आणतो. तो बहुतेक घाटावरून, बेळगावच्या बाजूने आलेला असतो. चोर्ला घाटात दरड कोसळली की आमच्याकडे अंडं महागतं. रविवारी एक गावठी, आजीच्या समाधानासाठी.

संध्याकाळची दोन अंडी म्हणजे माझ्या दिवसातला सर्वांत चांगला भाग. फोंड्यात एका गाड्यावर मी रस ऑम्लेट खातो. गोव्याबाहेरच्यांसाठी: कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलेलं दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्याच्यावर शागोतीचा रस ओततात. कोंबडीच्या शागोतीचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, खसखस-चक्रीफुलाच्या वासाचा तो दाट रस. वर चिरलेला कांदा, लिंबाची फोड, बाजूला दोन पाव. नशीब असेल तर रसात कोंबडीचा एखादा तुकडा सापडतो. मी आठवड्यातून दोनदा खातो, रोज नाही. तेल बरंच असतं आणि खिसाही बघावा लागतो. माझ्या हिशेबाने त्या एका ताटलीत पाचशेच्या वर कॅलरी असाव्यात. जिममधल्या लोकांनी नाकं मुरडली. पण मी दिवसाला तीनचारशे कॅलरी जास्तीच्या शोधत होतो, आणि त्या मला कागदाच्या बशीत रस्त्याच्या कडेला, उभ्याउभ्या मिळत होत्या. पावाच्या शेवटच्या तुकड्याने रस पुसून घ्यायचा, मग अर्धा तास थांबून जिम. एकदा थांबलो नव्हतो. त्याचं वर्णन करत नाही.

त्याच जिममध्ये मला वजन वाढवायची पावडर घ्यायला लावली, तीन हजारांचा डबा. घरी येऊन मागचं लेबल वाचलं तर निम्म्याच्या वर माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या भावकीतलं पीठ. अर्धा डबा अजून कपाटावर आहे.

अंड्याने आपोआप स्नायू येत नाहीत, हे मला मांजराकडून कळलं. त्याला सगळं मिळालं आणि ते नुसतं गोल झालं. स्नायूला काम द्यावं लागतं, दर थोड्या दिवसांनी थोडं जास्त काम. मी सुरुवात केली ती नुसत्या दांड्याने. तो रिकामा दांडाच २० किलोचा असतो. पहिल्या दिवशी तो पाठीवर घेऊन बैठका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरचा स्टँड काढताना पाय लटपटले. दर आठवड्याला अडीच किलो चढवायचं, जमलं नाही तर तेवढंच परत करायचं. आठवड्यात तीन दिवस. आज मी साठ किलो पाठीवर घेऊन पाच बैठका मारतो. जिममध्ये याला कोणी विचारत नाही, पण माझ्या मूळ वजनाहून तो आकडा जास्त आहे याचं मला एकट्याला बरं वाटतं.

प्रथिनं किती, यावर खूप वाचलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा साध्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. वजन उचलणाऱ्यांसाठी किलोमागे १.६ च्या आसपास धरतात, त्यापुढे वाढवून फारसं हाती लागत नाही. माझ्या पन्नास किलोला ८० ग्रॅम. चार अंड्यांचे २४ झाले. दुपारी बांगडा असला की दोन मध्यम बांगड्यांत तीसएक ग्रॅम सहज. डाळ, अळसांदे (आमची चवळी), भात, पाव, दूध यांचं मिळून बाकीचं भरतं. अंड्यांवाचून हे होणार नाही असं काही नाही. पण अंडं पडवीत मी स्वतः उकडू शकतो आणि बांगड्यासाठी बाजारात आईच्या मागे उभं राहावं लागतं.

पिवळ्याबद्दल माझी भीती गेली ती आणखी एका प्रयोगाने. २०१७ साली इलिनॉय विद्यापीठात दहा तरुणांना व्यायामानंतर एकदा तीन अख्खी अंडी दिली आणि एकदा तेवढीच, म्हणजे १८ ग्रॅम प्रथिनं असलेलं नुसतं पांढरं. पुढच्या काही तासांत स्नायूंची बांधणी अख्ख्या अंड्यांनंतर जास्त झाली. काही तासांचा प्रयोग, त्यावरून सहा महिन्यांचं बोलता येत नाही. मला एवढंच पुरलं की पिवळं टाकण्यात फायदा तरी नाही. कोलेस्टेरॉल एका पिवळ्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, हेही खरं. पण आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, आणि बहुतेकांमध्ये खाण्यातल्या कोलेस्टेरॉलने रक्तातलं फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या आहारसूचनांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५-२०२० च्या आवृत्तीत काढून टाकली. माझं मी सहा महिन्यांनी तपासून घेतलं, ठीक होतं. बाबांना साखर आहे, घराण्यात हृदयाचं आहे. त्यांना डॉक्टरांनी आठवड्याचा आकडा ठरवून दिलाय, आणि मी माझा हिशेब त्यांना लावत नाही.

कारखान्यातली एक फजिती. कुंडईला आमच्या विभागात बारा जण एका टेबलावर जेवतात. मे महिन्यात मी उकडलेली दोन अंडी सोलून डब्यात घातली, डबा बॅगेत, बॅग स्कूटरच्या डिकीत, स्कूटर उन्हात. दुपारी एकला झाकण उघडलं. टेबलावरचं बोलणं थांबलं. कोणी नाव घेतलं नाही, पण पंखा पाचवर गेला आणि पलीकडच्या ताईंनी हळूच डबा उचलून खिडकीजवळ नेला. उकडलेलं अंडं गोव्याच्या उकाड्यात दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, कवचासकट ठेवलं तर वासही कमी. तेव्हापासून दुपारी अंडं नाही. केळी नेतो, साळदाटी, दोन. त्याचा वास कोणाला नडत नाही.

मेअखेर मी ५१.८ वर होतो. मग मासेबंदी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, बाजारात असतं ते बर्फातलं किंवा खाडीतलं, आणि भाव विचारायची सोय नसते. त्या दोन महिन्यांत अंडी चारांची पाच झाली, कोणाला विचारलं नाही. आणि लगेच श्रावण. आमच्याकडे श्रावण म्हणजे महिनाभर पूर्ण शिवराक, मासे नाहीत, अंड्याचं तर नाव नाही, पडवीतली शेगडीसुद्धा धुऊन माळ्यावर. मी धरून चाललो होतो की सगळं कमावलेलं जाणार. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तांतयां आशिल्लीं तेन्नाच जियेताले लोक?" अंडी होती तेव्हाच लोक जगत होते का.

तिने त्या महिन्यात मला मुगागाठी, चण्याचा रोस, अळसांद्याची भाजी असं घातलं की काही विचारू नका. सगळ्यात नारळ. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी असतात हे मी वहीत लिहिलं तेव्हा मला आमच्या स्वयंपाकाकडे नव्याने बघावंसं वाटलं. वर रात्री दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. श्रावण संपला तेव्हा वजन ५२.३. अंडं एक नाही. मग चवथ आली, नेवऱ्या, पातोळ्या, पाच दिवसांत काटा ५४ वर गेला आणि मी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटलो. आठवड्याने परत साडेबावन्न. ते मिठाचं, पाण्याचं आणि पोटातल्या नेवऱ्यांचं वजन होतं. तेव्हापासून मी रोज काट्यावर चढत नाही. रविवारी सकाळी, उठल्या उठल्या, एकदाच.

नाताळात शेजारच्या आंटीकडे गेलो होतो. ती बेबिंक करते, थरावर थर, वरून निखाऱ्याची आच देऊन, आणि एका बेबिंकाला पिवळी लागतात दहाच्या वर. पांढरी उरतात. मी विचारलं, पांढऱ्याचं काय करता? म्हणाली, केक, मेरेंग, आणि बाकीचं कोणाला तरी देऊन टाकते. पूर्वी पोर्तुगालच्या मठांत पांढरं कपड्यांना खळ द्यायला वापरायचे आणि उरलेल्या पिवळ्यांतून ही गोडं निघाली, असं सांगतात. मी तिला माझी मांजराची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. एका भिंतीपलीकडे मी पिवळं टाकत होतो आणि ती पांढरं वाटत होती, आणि आमच्या मध्ये फक्त एक मांजर होतं. जाताना तिने बेबिंकाचा मोठा तुकडा बांधून दिला. सात थर. मी तो दोन दिवसांत संपवला, आणि त्याचा हिशेब वहीत घातला नाही.

गेल्या रविवारी ५८.४. सोळा महिन्यांत नऊ किलो, म्हणजे महिन्याला अर्ध्या किलोच्या जरा वर. सगळा स्नायू नाही, पोटावरही थोडं आलंय. लग्नातली ती आत्या परवा देवळात भेटली. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आतां इल्लें कमी कर हां."

परवा पहिला मोठा पाऊस झाला. पडवीत वारा असा घुसत होता की शेगडी तीनदा पेटवली आणि तीनदा विझली. मी एका हाताने छत्री आडवी धरून दुसऱ्याने काडी ओढत होतो, टोपात चार अंडी, पायाशी मांजर. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "भितर हाड ती." आत आण ती. मला वाटलं ती शेगडीबद्दल बोलतेय. पण तिने आतल्या ओट्याचा डावीकडचा बर्नर मोकळा करून ठेवला होता, खिडकीकडचा. टोप आत नेला. लाल खूण तळाशी होतीच. आजी देवघरातून ओरडून म्हणाली, झाकण घाल वर. मी झाकण घातलं.